पीळ म्हणजे कसा पीळ?

आमच्या विहीणबाईंनी निपाणी आणि आसपासच्या खेड्यांतली निम्मी माणसं आतून ओळखली. बाहेरून त्यांनी एकालाही कधी ओळखलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. माहेर येळ्ळूरचं, शिक्षण इंग्रजीतलं, पेशंटशी बोलणं समोर येईल त्या भाषेत, आणि रागावणं मात्र फक्त येळ्ळूरच्या मराठीत. निपाणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं सोनोग्राफी सेंटर होतं. आतल्या खोलीत भर दुपारी अंधार, मशीनला उकडू नये म्हणून एसी हुडहुडी भरेल इतका, आणि त्या गारठ्यात स्वेटर-कानटोपी घालून बसलेल्या विहीणबाई. बाहेर एप्रिलच्या उन्हात डांबर पाघळत असायचं आणि त्या जेवायला घरी निघाल्या की कानटोपी काढायची विसरायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, डॉक्टरीणबाईंनाच ताप आहे. पेशंट आत आला की मान वर न करता त्या म्हणायच्या, “झोपा.” पोट उघडं झालं की त्यांचं लक्ष तिथं, आणि तिथून पडद्यावर. तोंड बघायची वेळच यायची नाही, कारण तोवर ते माणूस पोट पुसून बाहेर पडलेलं असायचं. त्यामुळं बाजारात कुणी हात जोडले की त्या नुसत्याच बघत राहायच्या, मग नजर हळूहळू खाली सरकायची आणि शर्टाच्या शेवटच्या बटणांपाशी आली की ओळख पटायची. माझ्या लेकीच्या लग्नात आमच्या गावचे सरपंच फेटा बांधून, हातात जिलेबीची ताटली घेऊन मोठ्या थाटात पुढं आले. “ओळखलं का मॅडम?” विहीणबाईंनी फेट्याकडं बघितलंसुद्धा नाही. “लिव्हरवर चरबी हाय ती तुमचीच न्हवं?” असं त्यांनी चारचौघांत, अगदी आपुलकीनं विचारलं. सरपंचांनी ताटली शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली. नंतर त्या ताटलीवर कोण बसलं ते मी सांगणार नाही, कारण ते आमचे हे होते.

तपासताना त्या बोलत नसत. नुसतं “हं” म्हणत. त्या हंचा अर्थ लावणारी माणसं बाहेरच्या बाकावर बसलेली असत. आखूड हं म्हणजे सगळं ठीक, लांबलेला हं म्हणजे आणखी एकदा बघायला हवं. लागोपाठ दोन हं ऐकलेला एक गृहस्थ घरी जाऊन थेट शेताच्या वाटणीचं बोलू लागला, आणि दोन दिवसांनी कळलं की त्यातला दुसरा हं चहा घेऊन आलेल्या बाईला होता. तोंडातून बाकी काही निघायचं ते श्वासाबद्दल. श्वास घ्या, धरा, सोडा. कानडी पेशंट असला तर तेच कानडीत. पण अंधारात पेशंट कोण कुठला हे त्यांना दिसायचं नाही आणि त्या विचारायच्या नाहीत. एकदा आमच्याकडचा एक म्हातारा, जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलेला, टेबलावर आडवा होता. विहीणबाई कानडीत म्हणाल्या, “उसिरु बिडी.” म्हणजे श्वास सोडा. म्हाताऱ्याला एकच शब्द कळला. त्यानं बंडीच्या खिशातून बिडीचं बंडल काढून बाजूला ठेवलं. विहीणबाई पडद्यावरची नजर न काढता पुन्हा म्हणाल्या, “बिडी.” त्यानं काड्यापेटीही ठेवली. तिसऱ्यांदा “बिडी” झाल्यावर तो काकुळतीला येऊन म्हणाला, “आता कायबी न्हाई बघा माज्याजवळ, आईशप्पत.”

पोटातल्या बाळाचं लिंग सांगायचं नाही, असा कायदा आहे आणि तशी पाटीही तीन भाषांत लावलेली होती. तरी एखादी सासू आडून आडून विचारायचीच. “डॉक्टरीणबाई, काय हाय म्हणायचं?” विहीणबाई शांतपणे म्हणायच्या, “माणूस.” पुढं आणखी विचारलं तर म्हणायच्या, “दिसतंय तरी तसंच. मोठं झाल्यावर बघा काय निघतंय.”

आता तेव्हाच्या माझ्याबद्दलही सांगायला हवं, कारण ती बाईही काही कमी नव्हती. निपाणीजवळच्या आमच्या गावात ती मुख्याध्यापिका होती. साडीला खळ, आवाजाला धार, आणि आपण दिसलो की तालुका उठून उभा राहतो अशी समजूत. सातवीला विज्ञान शिकवायची. फळ्यावर रंगीत खडूंनी पचनसंस्था अशी काढायची की शेजारच्या वर्गातली मास्तरमंडळी बघायला यायची. आणि घरी कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणून तांब्या शोधायची. बेंबीवर पणती लावायची आणि तिच्यावर तांब्या पालथा घालायचा. तांब्या पोटाला चिकटून बसला की बेंबी जागेवर आली, असं आमच्याकडं मानतात. यात तिला काही विसंगत वाटायचं नाही. पचनसंस्था परीक्षेसाठी होती आणि तांब्या पोटासाठी.

तर ही बाई लेकीचं लग्न ठरल्यावर नव्या विहिणीशेजारी बसून, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “लेक जाणार म्हटल्यावर पोटात नुसतं कालवतंय हो.” अशा वेळी समोरची म्हणते, तुमची लेक ती आमची लेक, आणि मग दोघी मिळून रडतात. विहीणबाईंनी विचारलं, “जेवल्यावर कालवतंय का उपाशीपोटी?” बाई गोंधळली. “उद्या सकाळी काय न खाता या,” विहीणबाई म्हणाल्या, “बघून घेऊ.” कारण पोटाबद्दल कुणी काही बोललं की ते शब्दशः घ्यायचं ही त्यांची खोड होती. पोटात गोळा आला म्हटलं की केवढा, पोटात खड्डा पडला म्हटलं की कुठल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी ती बाई गेली. पोटाचा फोटो काढणार म्हणून ठेवणीतली साडी नेसून, तोंडाला पावडर लावून गेली. टेबलावर झोपल्यावर मशीनकडं तोंड करून थोडी हसलीसुद्धा. विहीणबाई जेलीची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवत. गार लागलं की पोट दचकतं आणि दचकलेलं पोट खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “पित्ताशयात एक खडा हाय. तुम्हाला त्रास देत न्हाई, तुम्हीबी त्याला देऊ नका.”

“आणि कालवतंय ते?”

“ते कुठं दिसलं न्हाई.”

हा अपमान मी वर्षभर उराशी धरून होते. लेक मात्र सुखात नांदत होती, त्यामुळं भांडायला जागाही मिळाली नाही.

लेक आणि जावई पुढं बंगळूरला गेले. त्यांची मुलगी, आमची मनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आज्यांकडं वाटून यायची. ती अकरा-बारा वर्षांची असतानाच्या मे महिन्यात, आमच्याकडच्या मुक्कामात, एके दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. एकदा उलटी झाली, मग बरं वाटलं, मग पुन्हा दुखू लागलं. मी तोवर निवृत्त झाले होते, पण अक्कल अजून नोकरीतच होती. ओवा दिला, बेंबीभोवती हिंग लावला, आणि शेवटी पणती पेटवून तांब्या हातात घेतला, एवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. तो रोज दुपारी यायचा. कशा आहात वगैरे न विचारता त्या एकदम विचारायच्या, “पोटं कशी हाईत सगळ्यांची?”

“आमची बरी आहेत,” मी म्हटलं. “मनीच्या पोटात जरा पीळ पडतोय. बेंबी सरकली असणार. तांब्या लावतेय.”

पलीकडची एसीची घरघर एकदम थांबली. मला वाटलं लाइन गेली.

“पीळ म्हंजे कसा पीळ?” विहीणबाईंनी विचारलं.

“अहो, पीळ म्हणजे पीळ. सगळ्यांच्या पडतो तसा.”

“सगळ्यांच्या पडत न्हाई. पोरीला द्या फोन.”

मी फोन मनीच्या कानाला लावला. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. म्हणाली, “आज्जी, खाली उजवीकडं कुणीतरी टॉवेल पिळतंय असं वाटतंय. मग सोडून देतात. मग परत पिळतात.”

फोन माझ्याकडं परत आला तेव्हा विहीणबाईंचा आवाज होता तसाच सपाट होता. “तांब्या खाली ठेवा. दिवा विझवा. पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई. आणि लघवीला सोडू नका, तशीच आणा.”

“तिला लागलीय हो.”

“लागू दे की. भरल्या पिशवीच्या आडनंच मला चांगलं दिसतंय.”

खरं सांगायचं तर मला राग आला. आमच्या भागात पीळ न पडणारं पोट एक दाखवा. शेंगा जास्त खाल्ल्या की पीळ, परीक्षा आली की पीळ, जावई मुक्कामाला राहतो म्हणाला की पीळ. त्या एका शब्दावर ही बाई आजारी पोरीला उन्हातून निपाणीला बोलावते, म्हणजे माझ्या कालवण्याची झाली तीच गत आता हिची होणार, असं मी गाडीत आमच्या ह्यांना ऐकवत होते. हे गाडी चालवत होते. प्रत्येक गतिरोधकाला मनी ओरडायची, “आजोबा, हळू, होईल माझी,” आणि हे इतके हळू जायचे की मागची बैलगाडी हॉर्न असता तर वाजवती.

सेंटरवर पोचेतो मनीचं दुखणं थांबलं होतं. पोरगी हसत आत शिरली आणि “आज्जी, लवकर कर, मला जायचंय,” म्हणत स्वतःच टेबलावर चढली. मी विहीणबाईंकडं असं बघितलं की त्यात सगळं आलं. त्यांनी बाटलीतली कोमट जेली लावली आणि पडद्याकडं वळल्या. मी मागं उभी. मला दिसलं ते एवढंच, की जुन्या टीव्हीला मुंग्या आल्या आहेत. विहीणबाईंनी एका जागी हात थांबवला, पलीकडच्या बाजूला नेला, पुन्हा पहिल्या जागी आणला. मी हंची वाट बघत होते. हं आला नाही.

त्याऐवजी त्या बोलायला लागल्या, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. “हे डावं अंडाशय,” त्या हळूच म्हणाल्या. “बदामाएवढं हाय, बरोबर हाय. हे उजवं.” उजवं लिंबापेक्षा मोठं होतं, सुजलेलं, आणि त्याच्या कडेकडेनं काळे मणी दाटीनं लागले होते. “सूज आली की आतलं सगळं असं कडंला ढकललं जातंय. आणि हा त्याचा देठ. बघा हितं.” त्यांनी हात किंचित सरकवला आणि त्या मुंग्यांमधून एक भोवरा फिरताना मलाही दिसला; एकाभोवती एक वेढे, मधे ठिपका. शाळेच्या फळ्यावर मी अंडाशय कितीदा काढलं असेल. त्याला देठ असतो आणि त्या देठाला पीळ बसू शकतो, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. “देठातनंच रक्त जातंय,” विहीणबाई म्हणाल्या. “लई वेळ आवळून राहिला तर हे काळं पडतंय. मग काढून टाकायला लागतंय.” “रक्त वाहतंय तिथं रंग दिसतोय,” म्हणत त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकले.

“रक्त तर आहे की,” मी म्हटलं. जीव भांड्यात पडला होता.

“हाय थोडं,” त्या म्हणाल्या, आणि फोन उचलला.

पलीकडच्याच हॉस्पिटलमधली स्त्रीरोगतज्ज्ञ आली. तरुण, हुशार, विहीणबाईंना मॅडम म्हणणारी. तिनं मनीचं पोट दाबून पाहिलं, पडदा पाहिला, आम्हाला बाहेरच्या खोलीत नेलं. “मॅडम, सूज आहे, कबूल. पण रक्ताचा फ्लो दिसतोय. पोरगी हसतीय. आज ॲडमिट करू, सकाळी परत सोनोग्राफी करून ठरवू.” मला ते एकदम पटलं. सकाळपर्यंत थांबणं हा मला नेहमीच चांगला बेत वाटत आला आहे.

विहीणबाई म्हणाल्या, “त्याला दोन वाटांनी रक्त येतंय. एक आवळली तरी दुसरीतनं झिरपतंय. पीळ जरा सैल झालाय म्हणून पोरगी हसतीय. परत आवळंल. भोवरा मी बघितलाय.”

“आणि पोट उघडून पीळ नाही निघाला तर?”

“तर माझं चुकलं म्हणून लिहून देते.”

डॉक्टरीण जरा घुटमळली. मग तिनं विचारलंच. “मॅडम, राग मानू नका. हे रेडिओलॉजिस्ट म्हणून सांगताय की आजी म्हणून?”

“आजी म्हणून सांगितलं असतं तर तुझंच ऐकलं असतं बाई,” विहीणबाई म्हणाल्या. “आजीला कापायला नको असतंय.”

डॉक्टरिणीनं फोन करून ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. आतून मनीनं हाक मारली, “आता तरी जाऊ का?” आणि विहीणबाई म्हणाल्या, “जा गं बाळ.” बंगळूरला फोन झाला. विहीणबाईंनी लेकाला जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं, लेकानं होकार दिला, माझ्या लेकीचं रडणं मी ऐकून घेतलं, आणि पोरीला पलीकडच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेलं. जाताना मनीचा चेहरा पुन्हा वेडावाकडा होऊ लागला होता. टॉवेल पिळणारे परत आले होते.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मानपानाच्या साड्या, आहेर, ओटी, सगळं एकमेकींना रीतसर करून झालेल्या दोन विहिणी. पण एका बाकावर काही न बोलता बसायची पहिलीच वेळ. मी मनातल्या मनात देवाशी बोलत होते. विहीणबाई भिंतीवरच्या टाइल्सकडं बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “बिनपिळाचं निघालं तर बरं होईल असं वाटायला लागलंय बघा. उगंच पोट उघडल्याचं पाप लागू दे मला. पण असायचं न्हाई तसं. मी बघितलाय.”

मी त्यांचा हात धरला. तो गार होता. त्यांनी सोडवून घेतला नाही.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा घाम पुसत होती. “मॅडम, चांगले वेढे बसले होते. सोडवले. आधी काळंनिळं दिसत होतं, गरम फडकं ठेवून वाट बघितली. रंग परत आला. काढलं नाही, ठेवलंय.”

विहीणबाई म्हणाल्या, “परत सांग.”

“रंग परत आला. ठेवलंय.”

“परत सांग.”

तिला वाटलं, मॅडमना ऐकू आलं नाही. तिनं तिसऱ्यांदा, मोठ्यानं सांगितलं. विहीणबाईंनी मान हलवली आणि खाली बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “आमच्या कामात शेवट कळत न्हाई, विहीणबाई. चित्र बघायचं, रिपोर्ट द्यायचा. माणूस दार उघडून उजेडात जातंय. पुढं त्याचं काय झालं, हे सांगायला कोण परत येतंय? इतकी वर्षं झाली. आज पहिल्यांदा कुणीतरी बाहेर येऊन सांगितलं बघा.” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, चहा सांगते, आणि तिथंच बसून राहिले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमचे हे गेले. विहीणबाईंनी सेंटर बंद केलं. डोळ्यांना पडदा सोसेना. एवढी वर्षं अंधारात काढलेली बाई आता निपाणीच्या घरात अंगणात खुर्ची टाकून सकाळभर उन्हात बसते. मी अधूनमधून जाते. फारसं बोलणं होत नाही, म्हणजे मी बोलते. गेल्या दिवाळीत मनी आली होती. नोकरी करते, आमच्या दोघींपेक्षा उंच झाली आहे. तिघी अंगणात बसलो असताना मी न राहवून विचारलं, “मनी, तुझं ते ऑपरेशन आठवतं का गं?”

“थोडंसं,” मनी म्हणाली. “त्या सुट्टीत मला रोज आईस्क्रीम मिळायचं. कुणी नाहीच म्हणायचं नाही. तेवढंच आठवतंय.”

मला जरा वाईट वाटलं. एवढी धावपळ, एवढी भीती, तो बाक, आणि शिल्लक राहिलं ते आईस्क्रीम. मी म्हणणार होते काहीतरी. विहीणबाईंनी मला हातानं थांबवलं. त्या खुर्चीत जरा पुढं सरकल्या.

“कुठलं आईस्क्रीम गं?” त्यांनी विचारलं.

“पिस्ता, आज्जी.”

“पिस्ता,” विहीणबाई म्हणाल्या, आणि उन्हात डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.